पाचवा दोर

चोडणच्या बांधावर त्या वर्षी आम्ही पाच जण होतो.
मोजताना चारच मोजले.

खारा राजा भरतीवर बसून येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.
त्याची फौज म्हणजे पाणीच, वेगळं काही नाही.
एकदा मानशीच्या दारातून आत शिरलं
की कोरगुटासारखं चिवट भातही मान टाकतं.

ताम्रपटाचे तीन तुकडे होते.
एक दुलबाच्या म्यानात,
एक शेवतीने मिठागरात पुरलेला,
एक बोस्त्यांवच्या होडीच्या तळाशी, डांबराखाली.
शपथ अशी, की कुणी कुणाचा तुकडा पाहायचा नाही.
एक पकडला गेला तर सगळं जाऊ नये.
शहाणपणाचीच गोष्ट. मीच सुचवलेली.

मग एकेक जण माझ्या खोपटात आला.
"इनास, तुलाच म्हणून सांगतो," दुलबा म्हणाला,
"दार पाण्याखालून लावायचं आहे.
लावणारा वर येत नाही.
त्या दोघांना कळू देऊ नकोस."
शेवती मिठाची पुरचुंडी घेऊन आली, उगाच, निमित्ताला.
तिच्याही तुकड्यावर तेच.
बोस्त्यांवला अक्षर येत नव्हतं. त्याने तुकडा माझ्यापुढे धरला.
मी म्हटलं, पावसाबद्दल आहे काहीतरी.
तो हसला. "पाद्रीही हेच म्हणाला.
म्हणजे मरणाबद्दल असणार."

तुकडे तीन, मजकूर एकच.
कोरणाऱ्याला आमच्यासारखी माणसं माहीत असावीत.

मी गप्प राहिलो.
मानशीच्या फळीला नदीही कळते आणि शेतही,
पण ती इकडचं तिकडे करत नाही.
मला वाटायचं, मानशीकाराचा धर्म हाच.

लुर्दीनला आम्ही काहीच सांगितलं नाही.
घंटा वाजवणाऱ्याची पोर, बारा वर्षांची.
हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, शेवती म्हणायची.
ती आली की आम्ही मासळीवर घसरायचो:
तिसऱ्या महागल्या, शेवटे यंदा बारीक.
चार थोर माणसं, दररोज, तिसऱ्यांबद्दल.
ती उकिडवी बसून आमच्या तोंडांकडे बघायची.

अवसेच्या रात्री, भरतीला घटका उरली असताना,
मी कमरेला दोर बांधून मानशीवर गेलो.
दुलबा आधीच तिथे. कमरेला दोर.
शेवती अंधारातून आली, कासोटा घातलेला, त्यावर काथ्या गुंडाळलेला.
बोस्त्यांवने होडीचा नांगरदोरच सोडून आणला होता.
होडी कुठे वाहत गेली असेल देव जाणे.

कुणी कुणाला मिठी मारली नाही.
भांडलो. मरायला निघालेली माणसं
इतकी कडाकडा भांडतात, हे मला माहीत नव्हतं.
"मला का नाही सांगितलंस?"
"तू सांगितलंस?"
"इनासला ठाऊक होतं!"
आणि तिघेही माझ्याकडे वळले.
माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोर होता.

आवाज येत नाही, शेवती मध्येच म्हणाली.
मिठागरवाल्यांचा कान. आम्ही ऐकलं.
भरती बांधापाशी येऊन थांबली होती.
शेताच्या बाजूचं पाणी हलत नव्हतं.
दार लागलेलं होतं.

डाव्या खांबाला एक दोर होता,
घंटेचा, हातांनी तेलकट झालेला,
सरळ पाण्यात उतरलेला, ताठ.
गाठ दुहेरी. बोस्त्यांवने तिला मागच्या शिमग्याला शिकवलेली,
हसत, खेळ म्हणून.

आमच्या गप्प बसण्यातून तिने सगळं वाचलं होतं.
आणि कुणाला म्हणजे कुणालाच बोलली नव्हती.

चौघांनी दोर धरला.
ओढता ओढता तोंडं सुटली.
माझ्या तुकड्यावर असं होतं. माझ्याही.
मी तुला खोटं सांगितलं, बोस्त्यांव.
माहीत आहे, ओढ.
शपथा एकेक करून पाण्यात पडत होत्या
आणि आम्ही बोलत होतो, मोठ्याने, खाली ऐकू जाईल असं.
दोर जड होता. जड होता हे बरं होतं.

पहिल्यांदाच तिच्यासमोर
तिसऱ्यांचं नाव कुणी काढलं नाही.